मूठभर विरजण

जपानी स्वयंपाक म्हटलं, की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? कच्चे मासे, भाताच्या मुटक्या आणि दोन काड्यांनी जेवणारी माणसं! मी टोकियोला यायला निघाले तेव्हा आमच्या आळीतल्या साऱ्याजणींनी हेच विचारलं होतं, ‘अगं, तिथे तू खाणार तरी काय?’ तेव्हा मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला हॉटेलातलं नव्हे, तर जपानी घरातलं जेवण सांगणार आहे. घरातलं जेवण हॉटेलच्या पाटीवर कधी सापडत नाही. आपल्याकडे तरी कुठे सापडतं? परदेशचा पाहुणा चार दिवस हॉटेलात जेवून गेला, तर त्याला पनीरची भाजी आणि नान कळेल. चिंचगुळाची आमटी, मुळ्याचा चटका, ताकातली चाकवताची पातळ भाजी त्याला कुठून कळणार? त्यासाठी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरावं लागतं, आणि आतून कुणीतरी ‘या’ म्हणावं लागतं.

मला तसं ‘या’ म्हणणारं माणूस भेटलं. पण त्याआधी, मी तिथे का गेले ते सांगते.

आमचे हे संगणकाच्या कामात आहेत. सहा वर्षांपूर्वी कंपनीनं ह्यांना टोकियोला पाठवलं, तेव्हापासून आम्ही एदोगावा विभागात, निशी-कासाई इथे राहतो. ह्या भागात भारतीय कुटुंबं पुष्कळ. त्यामुळे तूरडाळ, हिंग, कणीक, अगदी कढीपत्तासुद्धा दुकानात मिळतो. मी बी. ए. झालेली, सांगलीला असताना शाळेत अर्धवेळ शिकवत होते. इथेही आठवड्यातल्या तीन दुपारी लहान मुलांना इंग्रजी शिकवते, आणि बाकीचा वेळ घर एके घर. म्हणजे पोटापाण्याची अडचण म्हणाल तर काही नव्हती. अडचण होती ती लेकीच्या डब्याची!

लेक इथल्याच सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीत जाते. इथल्या शाळांत दुपारचं जेवण शाळाच देते. मुलं पांढरे डगले आणि टोप्या घालून आपल्याच वर्गाला वाढतात, बाईंसकट सगळे वर्गातच जेवतात. पाहायला मोठं छान वाटतं. पण त्या जेवणात मासे-मांस असतं आणि आम्ही शाकाहारी. म्हणून आमची लेक घरून डबा नेते. पोळी-भाजी, कधी थालीपीठ, कधी दहीभात. मुलं तिला चिडवत वगैरे नाहीत हं. बाईसुद्धा समजूतदार आहेत. पण मागच्या वर्षी एक दिवस ती डबा धुवायला टाकताना सहज म्हणाली, ‘आई, सगळ्यांच्या ताटात एकसारखं असतं. माझंच वेगळं दिसतं.’ रडली नाही, रुसली नाही. पण ते ‘माझंच’ माझ्या मनातून जाईना.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! शाळा दर महिन्याला जेवणाचा तक्ता घरी पाठवते. कुठल्या दिवशी कुठली भाजी, कुठलं सार, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो पाहून शाकाहारी प्रकार करून द्यावेत, की झालं. माझ्याही मनात तेच आलं. पण रविवारी फोनवर हे सासूबाईंच्या कानावर घातलं, तर त्या थोडा वेळ गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, ‘तुझं बरोबर आहे गं. पण जीभ एकदा वळली की वळली. उद्या सुट्टीत आली आणि माझ्या हातची आमटी तिला लागेना झाली, तर मी तिला काय करून घालू?’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. इकडे लेकीचं ‘माझंच वेगळं’ आणि तिकडे सासूबाईंचं ‘मी काय करून घालू’. मधे मी! परदेशात राहणाऱ्याच कशाला, मुलं हॉस्टेलवर गेलेल्या किंवा सून दुसऱ्या प्रांतातली आलेल्या घरांतल्या बायकांनाही ही ओढाताण ठाऊक असेल.

नोव्हेंबरच्या ३ तारखेला जपानात ‘संस्कृती दिना’ची सुट्टी असते. त्या सुमारास गावोगावच्या समाजमंदिरांतून छोटे छोटे महोत्सव भरतात. कुणी सुंदर अक्षरांचं प्रदर्शन मांडतं, कुणी फुलांची रचना शिकवतं, कुणी चहाचा विधी दाखवतं. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या समाजमंदिराच्या फळ्यावर एक कागद लागला होता : ‘घरगुती जपानी स्वयंपाक. परदेशी शेजारणींनी जरूर यावे.’ सोबत आणायच्या वस्तू : एप्रन, डोक्याला बांधायला रुमाल, हात पुसायला पंचा. मी नाव दिलं. अर्जात ‘काही खात नसाल तर लिहा’ असा रकाना होता, त्यात लिहिलं, ‘मासे, मांस, अंडी खात नाही.’ लिहिताना वाटलं, आता ह्या बायका काय करतील माझं!

आम्ही बाराजणी होतो. एक व्हिएतनामची, दोघी नेपाळच्या, मी, आणि बाकी सगळ्या जपानी तरुण मुली. होय, जपानी मुलीसुद्धा शिकायला आल्या होत्या! शिकवणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, पाठीत किंचित वाकलेल्या. सगळ्या त्यांना ‘सेन्सेई’ म्हणत. सेन्सेई म्हणजे आपल्या शाळेतल्या ‘बाई’. त्यांनी माझ्या आडनावाला ‘सान’ लावून नाव वाचलं, वर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तुमच्यासाठी कालच भिजत घातलंय.’

काय भिजत घातलं होतं, ते सांगायचं तर ‘दाशी’ समजून घ्यायला हवी. आपल्या स्वयंपाकाचा पाया जशी फोडणी, तसा त्यांचा पाया म्हणजे दाशी. दाशी म्हणजे एक पातळ, सोनेरी रंगाचं पाणी. सार त्यात, भाजी त्यात. हे पाणी बहुतेक घरी दोन जिनसांचं करतात : कोम्बु नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि वाळवून धुरी दिलेल्या माशाचे, रंध्याखालून निघाल्यासारखे पातळ पापुद्रे. म्हणूनच इथे नुसत्या भाज्या दिसणारं सारदेखील शाकाहारी असेलच असं नाही. सेन्सेईंनी माझ्यासाठी आदल्या रात्रीच वेगळी दाशी घातली होती. कोम्बुचा एक तुकडा आणि वाळवलेल्या शिताके अळिंब्या, गार पाण्यात.

मी संकोचून म्हटलं, ‘माझ्यासाठी तुम्हाला निराळा त्रास.’ तर त्या म्हणाल्या, ‘निराळा कुठला? माझ्या आजीच्या वेळी घरात गेलेल्या माणसाचा दिवस असला, की मासा शिजत नसे. त्या दिवशी हीच दाशी. आजची नवी बायकाच ही विसरल्यात. तुमच्यामुळे मला आठवली!’ बौद्ध मठांतून ह्या शाकाहारी स्वयंपाकाची मोठी परंपरा आहे, तिला ‘शोजिन’ म्हणतात. श्राद्धाच्या दिवसाचा सोवळ्यातला स्वयंपाक माझ्याही माहेरी होता. कुठला देश, कुठली आजी, पण मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

दाशीची कृती सोपी आहे, पण धीराची. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम कोम्बु. त्याच्यावर पांढरी भुकटी दिसते, ती धुवायची नाही, ओल्या फडक्यानं नुसतं पुसून घ्यायचं, कारण चव तिच्यातही असते. अर्धा तास तरी भिजवायचं. मग मंद गॅसवर ठेवून, कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की कोम्बु बाहेर काढायचं. खळखळ उकळू दिलं, की पाणी बुळबुळीत आणि उग्र होतं. ह्याच कोम्बुच्या पाण्यातून १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातले प्राध्यापक किकुनाए इकेदा ह्यांनी एक निराळी चव शोधून काढली आणि तिला ‘उमामी’ हे नाव दिलं. गोड, आंबट, खारट, कडू ह्यांच्या पलीकडची ही चव पिकलेल्या टोमॅटोतही असते. म्हणजे टोमॅटोच्या साराला आपण जे ‘भरल्यासारखं’ लागतं म्हणतो, ते हेच!

आणि बाहेर काढलेलं कोम्बु? मी वाटच पाहत होते. सेन्सेईंनी ते बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवायला ठेवलं, भातावर घ्यायला. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या आपल्या बायकांना हे सांगायला नकोच.

मग भात. तांदूळ धुतलेलं पहिलं पाणी झटकन ओतून टाकायचं, पुढचं दुधी पाणी मात्र ठेवायचं. त्यात मुळा उकडला की त्याचा उग्रपणा जातो, नाहीतर ते झाडांना घालायचं. तांदूळ उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत तासभर भिजवायचा. वर घालायला मीठ नाही, तूप नाही. भात पांढरा स्वच्छ, कारण बाकी सगळ्या चवी त्याच्याभोवती बसायच्या असतात.

भाजी होती कोमात्सुना. मुळ्याचा पाला आणि पालक ह्यांच्या मधली बहीण म्हणा! ही भाजी आमच्याच एदोगावातली. इथल्या कोमात्सुगावा गावावरून तिला हे नाव पडलं. अठराव्या शतकात शोगुन योशिमुने ससाणे घेऊन शिकारीला आला असताना जेवला, भाजी आवडली, आणि त्यानंच नाव ठेवलं, अशी आख्यायिका सेन्सेई अगदी रंगवून सांगत होत्या. तळलेल्या तोफूच्या पट्ट्यांवर उकळतं पाणी ओतून जास्तीचं तेल काढायचं, मग दाशीत आधी देठं, नंतर पानं घालायची. देठं आधी, पानं नंतर. माझी आई पालेभाजी निवडताना देठांची वाटी वेगळी ठेवायची, ती उगीच नव्हे.

आता लाल भोपळा. इथे मला सगळ्यात गंमत वाटली. फोडींच्या कडा सुरीनं हलकेच तासून गोल करायच्या, म्हणजे शिजताना टोकं मोडून रस्सा गढूळ होत नाही. साल खाली येईल अशा फोडी एका थरात मांडायच्या. पाणी कसं, तर फोडी जेमतेम बुडतील एवढंच. वर पातेल्याच्या तोंडापेक्षा लहान लाकडी झाकण टाकायचं. ते काठावर बसत नाही, थेट भाजीवर बसतं. त्यामुळे उकळलेला रस झाकणाला लागून पुन्हा फोडींवर पडतो, आणि फोडी हलत नाहीत म्हणून फुटतही नाहीत. मी त्यांना सांगितलं, की आम्ही झाकणात पाणी घालून वाफेवर भाजी शिजवतो, आणि ते गरम पाणी लागेल तसं भाजीत घालतो. सेन्सेईंनी लगेच कागद घेतला आणि चित्र काढायला लावलं!

चवी कोणत्या क्रमानं घालायच्या, त्याची त्यांची एक बाराखडीच आहे : ‘सा शि सु से सो’. सा म्हणजे सातो, साखर. शि म्हणजे शिओ, मीठ. सु म्हणजे व्हिनेगर. से म्हणजे सोया सॉस, त्याचं जुनं स्पेलिंग ‘से’ने सुरू होई. आणि सो म्हणजे मिसोमधला सो. साखर सगळ्यात आधी, कारण ती सावकाश मुरते. मीठ आधी घातलं तर भाजी आक्रसते आणि मग गोडी आत शिरत नाही. सोया सॉस आणि मिसो शेवटी, कारण त्यांचा वास उकळीनं उडून जातो. मी मास्तरीण, मला तर ही युक्ती फारच आवडली. आणि ऐका, जपानी अक्षरांचा हा अ-आ-इचा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून बसवला गेलाय. आपली अक्षरं बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेली आणि आज तिथे भोपळ्यात साखर कधी घालायची ते सांगताहेत!

शेवटी सारात मिसो. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला घट्ट लगदा. गॅस बंद करून, गाळणीत घेऊन चमच्यानं विरघळवायचा. मिसो घातल्यावर उकळी आणायची नाही. आमटीला ‘चांगली उकळी येऊ दे’ ऐकत वाढलेल्या माझ्या हाताला गॅस बंद करणं जड गेलं, हे कबूल!

ताटं मांडली. एक सार, तीन पदार्थ, भात आणि लोणचं, असा घरच्या जेवणाचा नेम आहे. भाताची वाटी जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, सार उजव्या हाताला, मुख्य पदार्थ मागे उजवीकडे, काड्या समोर आडव्या. जागा बदलायच्या नाहीत. मग मी सांगितलं, आमच्याकडेही वर मीठ, डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी, मधे वरणभात. डावं-उजवं कळत नसेल त्या मुलीला वाढायला उभी करत नाहीत! जपानी मुली खूप हसल्या. त्यातली एक म्हणाली, ‘माझी आजीसुद्धा हेच म्हणते.’ मग सगळ्यांनी हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हटलं. म्हणजे ‘मी हे नम्रपणे घेते’. आपण जेवणाआधी श्लोक म्हणतो, तसं.

जेवताना माझ्या मनातला प्रश्न मी विचारला, की ह्या मुलींना आयांकडून हे शिकायला मिळत नाही का? त्याचं उत्तर एकीनं दिलं. आई नोकरी करायची, घरी पुडीतली तयार दाशी वापरायची. चूक काहीच नाही, वेळच नव्हता. सेन्सेई म्हणाल्या, ‘माझी सूनही तसंच करते. दोघं नोकरीला, घर लहान, दुसऱ्या शहरात. मी काही म्हणत नाही.’ २०१३ साली डिसेंबरात युनेस्कोनं जपानी आहाराची परंपरा जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, त्याचा विषय निघाला. सेन्सेई हसल्या. म्हणाल्या, ‘यादीत नाव गेलं ते चांगलंच झालं. पण यादी काही रोज संध्याकाळी माझा कोंडा ढवळणार नाही.’

हा कोंडा म्हणजे काय, ते आता सांगते. ताटात जे काकडीचं आणि मुळ्याचं लोणचं होतं, ते तांदळाच्या कोंड्यात मुरवलेलं. त्याला ‘नुकाझुके’ म्हणतात. कोंडा, मीठ, पाणी, लाल मिरच्या आणि कोम्बुचा तुकडा कालवून ओल्या वाळूसारखं करायचं. ते झाकून ठेवलं, की आंबतं. त्यात काकडी पुरली, की उन्हाळ्यात अर्ध्या दिवसात आंबटखारट होते. मात्र तो कोंडा रोज तळापासून हातानं ढवळावा लागतो, उन्हाळ्यात दोनदा. नाहीतर वरचेवर बुरशी धरतो, वास मारतो. नीट ठेवला तर पिढ्यान् पिढ्या टिकतो. जुन्या काळी टोकियोचं नाव एदो होतं. तिथले लोक पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाऊन बेरीबेरीनं आजारी पडत, म्हणून त्या दुखण्याला ‘एदोचा आजार’च म्हणत. दुखणं होतं ते ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचं, आणि ते जीवनसत्त्व असतं कोंड्यात. लोणच्याबरोबर ते थोडंफार पोटात जातं. कसलं शास्त्र ठाऊक नसताना बायकांनी कोंडा टाकून न देता ठेवला होता!

सेन्सेईंचा कोंडा त्यांना सासूबाईंनी दिलेला, सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. ‘माझ्यानंतर तो घ्यायला कुणी नाही,’ त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. ‘सूनबाईंना वास सहन होत नाही. तुमच्यापैकी कुणाला थोडा हवा असला तर देईन.’

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. रोज हात घालायचा म्हणजे जबाबदारीच. मला मात्र तेव्हा आमच्या आळीतली संध्याकाळ आठवली. दही आंबट झालं किंवा संपलं, की वाटी घेऊन शेजारी जायचं, ‘काकू, विरजण देता का?’ काकू कधी नाही म्हणायच्या नाहीत. एका घरचं विरजण दहा घरांत फिरायचं. पावसाळ्यात आमचं बिघडलं, तर आमचंच दिलेलं काकूंकडून परत यायचं! मी मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं. दूध, चमचाभर दही, रात्रभर ठेवणं, शेजारीण. आणि म्हटलं, ‘सेन्सेई, मला द्या. आमच्याकडे ह्याला विरजण म्हणतात.’

त्यांनी तो शब्द दोनदा घोळवून म्हणून पाहिला. ‘बि-रा-जान.’

आठवड्यानं त्यांनी झाकणाच्या डब्यात मूठभर कोंडा आणून दिला, आणि त्यात नवा कोंडा-मीठ घालून वाढवायचा कसा ते दाखवलं. माशाचा तुकडा त्यांनी त्यात कधीच घातला नव्हता, तेवढी चौकशी मी करून घेतली. घरी आणल्यावर ह्यांनी नाक मुरडलं, ‘घरात काहीतरी आंबलंय.’ म्हटलं, ‘इडलीचं पीठ आंबतं तेव्हा नाही बरं म्हणत!’ लेकीला मात्र खेळच मिळाला. रोज संध्याकाळी हात धुऊन, बाह्या सारून ती कोंडा ढवळते आणि काकडी कुठे पुरलीय ते शोधते.

डब्याचं काय झालं, ते विचाराल. मी शाळेचा तक्ता घेऊन बसले. भोपळा असेल त्या दिवशी भोपळा, तिळातली फरसबी असेल त्या दिवशी फरसबी. पहिल्या दिवशी ती घरी आली ती सांगतच, ‘आई, बाई म्हणाल्या, तुझं आज अगदी आमच्यासारखं आहे.’ खूश होती. पण पुढच्याच गुरुवारी म्हणाली, ‘उद्या थालीपीठ दे. शेजारच्या मुलीला दाखवायचंय.’ एक-दोन दिवस सगळ्यांसारखं असलं, की एखाद्या दिवशी वेगळं असायला मुलांना भीती वाटत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

आणि सासूबाई? मी भीतभीतच फोनवर कोंड्याचं लोणचं सांगितलं. मला वाटलं होतं, हिरमुसतील. तर पहिला प्रश्न आला, ‘मीठ किती?’ दुसरा, ‘बरणी चिनीमातीची की काचेची?’ तिसरा, ‘पावसाळ्यात काय करतात?’ अर्धा तास आम्ही दोघी कोंड्यावर बोललो. सेन्सेईंच्या सुनेची गोष्ट सांगितली तेव्हा त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘वही घे. गोडा मसाला सांगते.’

मैत्रिणींनो, लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांच्या मसाल्याचं प्रमाण आजवर ‘अंदाजानं’ असंच होतं! ह्या खेपेस मी अंदाज चालू दिला नाही. धणे किती वाट्या, दगडफूल किती, खोबरं भाजायचं कुठल्या रंगावर, सगळं विचारून लिहिलं. त्या मधूनच म्हणायच्या, ‘थांब, हातात घेऊन बघते,’ आणि डबा उघडल्याचा आवाज यायचा. लेक मागून ओरडली, ‘आजी, मी आले की मला पण शिकव!’ तिकडून उत्तर यायला थोडा वेळ लागला.

आता तुमच्या स्वयंपाकघरात जमतील असे दोन प्रकार देते. दोन्हीला कोम्बु लागत नाही. सोया सॉस प्रत्येक कंपनीचा कमी-जास्त खारट असतो, म्हणून आधी बेतानं घाला, मग चाखून वाढवा.

तिळातली फरसबी : पाव किलो फरसबीच्या शिरा काढून बोटभर तुकडे करा. उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून ३-४ मिनिटं शिजवा, हिरवीगार राहिली पाहिजे. पाणी पूर्ण निथळा. ३ मोठे चमचे पांढरे तीळ मंद आचेवर, दोन-चार तडतडेपर्यंत भाजा आणि गरम असतानाच खलबत्त्यात जाडसर कुटा. अगदी पीठ करू नका. त्यात १ मोठा चमचा साखर आणि पाऊण ते १ मोठा चमचा सोया सॉस घालून कालवा, मग फरसबी घाला. पालकाचीही अशीच करतात, फक्त पालक वाफवून घट्ट पिळून घ्या. डब्यात पाणी सुटत नाही, हा मोठा गुण.

गोड भोपळा : अर्धा किलो लाल भोपळ्याच्या सालासकट मोठ्या फोडी करा, कडा तासा. पसरट पातेल्यात साल खाली करून एका थरात मांडा. आपला भोपळा पाणी सोडतो, म्हणून १ वाटी पाणी पुरे. त्यातच दोन वाळक्या अळिंब्या आधी भिजवल्या असतील तर उत्तम. २ मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालून, फोडींवर लहान ताटली उपडी ठेवून ५ मिनिटं मंद शिजवा. मग १ मोठा चमचा सोया सॉस घालून आणखी ८-१० मिनिटं ठेवा. ढवळू नका, पातेलंच हलवा. गॅस बंद करून तसंच राहू द्या. निवताना चव मुरते, म्हणून हा प्रकार गरमपेक्षा कोमट चांगला लागतो.

आणि एक करा. तुमच्या घरात जो पदार्थ एकाच हाताचा आहे, सासूबाईंचा, आईचा, नाहीतर शेजारच्या काकूंचा, त्याचं प्रमाण ह्या आठवड्यातच विचारून घ्या. त्या ‘अंदाजानं’ म्हणतील. वाटी घेऊन शेजारी उभ्या राहा आणि त्यांचा हात मोजा. मागितल्याशिवाय विरजण कुणी घरी आणून देत नाही.

परवा रविवारी सेन्सेई आमच्याकडे यायच्या आहेत. चिंचगुळाची आमटी आणि भाकरी शिकायची आहे त्यांना. येताना काय आणू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक रिकामी वाटी आणा. दही मी शनिवारी रात्री लावते.